कारणाचा रकाना

मी घाबरट आहे, हे आधीच सांगते. बँकेत स्लिप भरताना माझा हात थरथरतो, दवाखान्यात डॉक्टर काय बोलल्या ते बाहेर येईपर्यंत अर्धं विसरलेलं असतं. नववी अर्धी झाली आणि शाळा सुटली, मग लग्न, मग मुलगी. ती आता दोन वर्षांची आहे, आणि ती झाल्यापासून तर मी एका जागी बसून श्वाससुद्धा घेतलेला नाही असं मला वाटतं. तर अशी मी, आणि मी नववीच्या मुलांना मराठी शिकवलं. एक महिना. कसं ते सांगते.

आम्ही विक्रोळीला टेकडीवर राहतो. आमच्या घराला लागूनच समाजमंदिर आहे, म्हणजे आमचं घर त्याच्या मागे. समाजमंदिराची चावी सासूबाईंकडे, झाडलोटही त्यांचीच. तिथे आठवड्यातून तीन दुपारी एक बाई यायच्या, मुलुंडहून. शाळेतून रिटायर झालेल्या, वस्तीतल्या नववीच्या मुलांना मराठी शिकवायच्या, फुकट. मी चावी घेऊन जायची आणि तिथेच मागे बसून राहायची मुलीला मांडीवर घेऊन, कारण आमच्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि तिथे पंखा आहे. खरं कारण पंखाच. पण ऐकता ऐकता ऐकायची सवय लागली.

बाईंची एक पद्धत होती. मुलगा काहीही बोलला की बाई म्हणायच्या, "कुठे दिसलं? बोट ठेव." म्हणजे ज्या ओळीत दिसलं त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. नाही सापडली ओळ, तर ते उत्तर तुझं नाही, तू कुठून तरी उचललंयस. मुलं जाम वैतागायची. कारण मुलांकडे गाईड होतं. पेपरात 'स्वमत लिहा' असा प्रश्न असतो, म्हणजे तुझं स्वतःचं मत, आणि ही मुलं गाईडमधलं स्वमत पाठ करून यायची. एक मुलगा तर सगळ्यांच्या पुढे, त्याला सगळे 'गाईड' असंच म्हणायचे. बाई एकदा त्याला म्हणाल्या, "अरे, तुझं मत त्या पुस्तकवाल्याला तुझ्याआधी कसं कळलं?" तर हा म्हणतो, "बाई, तो खूप हुशार आहे."

मग बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर यायचं नाही. मला म्हणाल्या, "तू घे तोपर्यंत."

मला वाटलं, चावी घे म्हणतायत. म्हटलं, चावी माझ्याकडेच आहे.

"अगं, वर्ग घे."

"बाई, मी नववी. तीपण अर्धी."

"मग काय झालं? तीही नववीच आहेत," बाई म्हणाल्या. "तुला उत्तरं सांगायचीच नाहीयेत. फक्त विचारायचं. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, काय सांगतंय, आणि कुठे दिसलं. झालं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला नाही म्हणायचीसुद्धा भीती वाटते.

आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या घरी कागद आला. आमच्या वस्तीची पुनर्वसनाची स्कीम चालू आहे, झोपड्या पाडून बिल्डिंग होणार, ज्यांचे पुरावे बरोबर त्यांना घर. त्यांना म्हणतात पात्र. बाकीचे अपात्र. हे दोन शब्द आमच्याकडे तान्ह्या पोरांनासुद्धा माहीत आहेत. घर सासूबाईंच्या नावावर, सासरे वारले त्यानंतर झालेलं. कागद एका माणसाने आणून दिला, सही घेतली, गेला. मी उघडला, मोठ्या चौकटी होत्या, एका चौकटीत 'अपात्र' दिसलं आणि माझे कान बंद झाले. पुढे काही वाचलंच नाही. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय लिवलेला आसा?"

"अपात्र," मी म्हटलं.

त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि देवाच्या फोटोमागे सरकवला. म्हणाल्या, "खयच बोला नको." कुठे बोलायचं नाही. वस्तीत एकदा कळलं की लोक येऊन मोजमापं काढायला लागतात, तुमच्यानंतर तुमच्या जागेचं काय म्हणून. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, वस्तीच्या कमिटीवाले काका बघतील, त्यांच्याकडे दिलेत ना कागद. आणि तो ड्युटीवर गेला. आणि पाचव्या दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन वर्गावर गेले, कारण सात मुलं दारात उभी होती आणि चावी माझ्याकडे होती.

पहिल्याच तासाला माझी वाट लागली. बाईंनी एक गोष्ट काढून ठेवली होती, झेरॉक्स. गाईडने खालचा पहिला प्रश्न वाचला, "कथेतील पात्रे कोणती ते लिहा."

आणि माझ्या तोंडून गेलं, "पात्र कोण ते अजून ठरलंय कुठे?"

सगळे मग असे हसले, असे हसले की माझी मुलगी दचकून रडायला लागली. दोन वेण्यांची एक मुलगी आहे, जिभेची फार तिखट, ती म्हणाली, "ताई, ही गोष्टीतली पात्रं. म्हणजे माणसं. ह्यांना बिल्डिंगमध्ये घर नाय द्यायचंय."

"यांचे पुरावे नाहीत ताई," गाईड म्हणाला. "सगळी अपात्र."

मीपण हसले. काय करणार. पण मला वाटलं, माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार, आता वाचतील.

गोष्ट लहान होती. एक म्हातारी रोज एसटी स्टँडवर येऊन बसते. तिकीट काढत नाही. गाड्या येतात, जातात, संध्याकाळी ती उठून घरी जाते. बस, एवढीच. प्रश्न होता, म्हातारीचा स्वभाव लिहा.

गाईड लगेच, "म्हातारी एकाकी, दुःखी व मायाळू आहे."

मी विचारलं, "कुठे दिसलं?"

तो वर बघायला लागला, पंख्याकडे. म्हातारी म्हटली की मायाळू असतेच, असं त्याचं म्हणणं. वेणीवाली म्हणाली, "आमची आजी बघ जरा येऊन, मायाळू म्हणे." परत हशा. मी घाबरले, वर्ग हातातून चालला. मला उत्तर माहीत नव्हतं ना. बाईंना माहीत असणार, मला नव्हतं. मी म्हटलं, "थांबा, परत वाचूया. सगळी." दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हटलं.

दुसऱ्यांदा वाचताना वेणीवाली मधेच थांबली. गोष्टीत एक ओळ होती, म्हातारीची पिशवी तिच्या पायाशी दुमडून पडली होती. ती म्हणाली, "ताई, पिशवी दुमडली म्हणजे रिकामी आहे."

"मग?"

"मग ती कुठे जाणारच नव्हती. पण रिकामी का होईना, पिशवी आणलीच कशाला? लोकांना वाटावं म्हणून. की ही कुठेतरी निघालीय, हिची कोणीतरी वाट बघतंय." तिने ओळीवर बोट ठेवलं. "ती दुःखी नाय ताई. ती शानी आहे. शायनिंग मारतेय."

गाईड म्हणाला, "दुःखी पण आहे. कोण वाट बघत नाय म्हणून तर शायनिंग."

मग दोघं भांडायला लागले आणि बाकीची मुलं दोन पार्ट्या करून त्यात पडली. मी मधे मुलीला थोपटत बसले होते. मला असं झालं की अरे, मीपण ही ओळ वाचली होती. दोनदा. मला त्यात फक्त पिशवी दिसली होती. म्हातारी बघितली आणि मी मनात ठरवून टाकलं होतं की बिचारी, आणि पुढचं सगळं बिचारीच्या डोळ्यांनी वाचलं.

घरी आले तेव्हा सासूबाई बाजाराला गेल्या होत्या. मी स्टूल घेतलं, फोटोमागचा कागद काढला. मुलीला समोर वाटीत कुरमुरे दिले आणि म्हटलं, आता वाचायचं. पण नाही जमलं. सदर, उपरोक्त, सद्यस्थितीत, एकेक वाक्य चार ओळींचं, सुरुवात वाचेपर्यंत शेवट निघून जायचा. 'अपात्र' तेवढं स्पष्ट. आणि शेजारच्या चौकटीत परत तेच, परत अपात्र. मला वाटलं, जोर द्यायला दोनदा लिहिलंय. खाली कुठेतरी पंधरा दिवस असं दिसलं. कागद येऊन पाच दिवस झाले होते. मी कागद परत ठेवला.

त्यानंतर बाईंचा फोन आला, डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना. म्हणाल्या, "गोष्ट झाली ना? आता माहितीचा उतारा घे. गाईडमधला नको, ते पोपट होतील. कुठलंही पत्रक घे, नोटीस घे, औषधाच्या बाटलीवरचा कागद घे. प्रश्न तेच."

नोटीस घे.

मी दोन दिवस विचार केला. म्हणजे विचार कसला, पोळी लाटताना, मुलीला आंघोळ घालताना, तोच कागद डोळ्यांपुढे. कोणाला वाचायला द्यावा तर वस्तीत कळणार. कमिटीवाल्या काकांना विचारलं होतं, ते म्हणाले, "होईल गं, वरती सांगितलंय, तू कशाला टेन्शन घेतेस?" आणि मुलांना येतं वाचायला. मला माहीत होतं, त्यांना येतं.

मग मी कागद गुपचूप काढला, सासूबाईंचं नाव आणि घरनंबर यांच्यावर कागदाची पट्टी लावली आणि खालच्या दुकानातून आठ झेरॉक्स काढून आणल्या. मला वाटलं, काय डोकं लावलंय मी. वर्गात म्हटलं, "ही कुठल्यातरी वस्तीतली नोटीस आहे. बाईंनी दिलीय." खोटं बोलताना माझा आवाज चिरकतो, तसा चिरकला.

"कोण सांगतंय?" मी विचारलं.

"सरकारी साहेब. खाली लिहिलंय."

"कोणाला?"

वेणीवाली वाचत होती. "बाईमाणसाला. पट्टीच्या बाहेर 'श्रीमती' दिसतंय."

"आणि ती विधवा आहे," गाईड म्हणाला. आज त्याच्याकडे गाईडमधलं काही नव्हतं, त्यामुळे तो खाली मान घालून खरंच वाचत होता. "इथे बघ ना, 'मयत पतीच्या नावे असलेले वीज देयक'. देयक म्हणजे बिल."

"काय सांगतंय?"

"अपात्र केलंय तिला," तिसऱ्या एका मुलीने सांगितलं. "दोनदा लिहिलंय. इथे अपात्र, आणि कारणाच्या रकान्यात पण अपात्र."

म्हणजे मी एकटीच नव्हते. मला बरं वाटलं आणि वाईटपण वाटलं.

"ए, थांब," वेणीवाली म्हणाली. "कारण अपात्र कसं असेल? अपात्र का, तर अपात्र आहे म्हणून? ह्याला काय अर्थ आहे?" ती कागद नाकाजवळ घेऊन गेली. "हे अपात्र नाहीये. अ, प्रा, प्त. अप्राप्त."

"अप्राप्त म्हणजे?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. मुलांना वाटलं, बाईंसारखं विचारतेय.

"प्राप्त म्हणजे मिळालेलं," गाईड म्हणाला. "पुरस्कार प्राप्त. अप्राप्त म्हणजे मिळालं नाही. पूर्ण वाक्य असं आहे, 'मयत पतीच्या नावे असलेले वीज देयक व मतदार यादीतील उतारा सद्यस्थितीत अप्राप्त.' म्हणजे कागद त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत."

"म्हणजे खोटे ठरवले नाहीत?"

"कुठे दिसलं खोटे?" वेणीवाली म्हणाली, मलाच. "सद्यस्थितीत म्हणजे आत्तापुरतं. आणि खाली आहे, 'पंधरा दिवसांच्या आत पुरावे समक्ष सादर करून पोच घ्यावी.' समक्ष म्हणजे स्वतः जाऊन. ताई, ही बाई वेडी आहे का? कागद नेऊन दिले की झालं. बसलीय कशाला घरात?"

मी मुलीला थोपटत राहिले. वेणीवालीने परत कागदाकडे बघितलं, वरच्या कोपऱ्याकडे. तिथे पत्ता होता. नंबर झाकला होता मी, पण त्याच्या खालची ओळ राहून गेली होती. 'समाजमंदिराची मागील बाजू.' समाजमंदिराच्या मागे चार घरं आहेत, आणि विधवा बाई एकाच घरात.

तिने माझ्याकडे बघितलं. मग कागद उलटा करून बाकावर ठेवला. "मला कळलंय," ती हळू म्हणाली, "पण मी नाय सांगत."

आणि तेवढ्यात गाईड ओरडला, "अरे, हे तर ताईंचं घर!"

तिने त्याच्या पाठीत त्याचंच पुस्तक घातलं. "अक्कल आहे का रे तुला? जरा तरी?"

सातही जण माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता उठून पळावं. पण मांडीवर मुलगी झोपलेली, पळणार कशी. मी म्हटलं, "हो. आमचंच आहे. आणि मला हे वाचता आलं नव्हतं. मी नववी पास नाही. घरी कोणी बोलू नका."

कोणी हसलं नाही. गाईड पाठ चोळत म्हणाला, "ताई, तारीख बघितली का? आजचा दहावा दिवस आहे."

सासूबाईंना सांगताना मला जास्त भीती होती. मुलांना दाखवलं, हे कळल्यावर त्या मला फाडून खातील असं वाटलं. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या घोवाचा बिल त्येंका गावाकच नाय?" गावलंच नाही, मिळालंच नाही. घोव म्हणजे नवरा. मी म्हटलं, नाही. वर्षापूर्वी आम्ही सगळ्या झेरॉक्स पिशवीत घालून कमिटीवाल्या काकांच्या हातात दिल्या होत्या, आणि पोच मागायची असते हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हतं. आपल्याच माणसाकडे पोच कशी मागायची? सासूबाई उठल्या, पलंगाखालची पेटी ओढली. ओरिजिनल सगळं होतं. सासऱ्यांच्या नावाचं पिवळं पडलेलं लाइट बिल त्यांनी साडीच्या घडीत ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आम्ही दोघी निघालो, वाटेत काका भेटले. कुठे निघालात विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, "अगं, दिलेत कागद वरती. आता नववीवाली वकील झाली काय?"

सासूबाई म्हणाल्या, "व्हय, झाली. तू खयपर्यंत शिकलंस ता सांग आधी." आणि माझा दंड धरून पुढे ओढत नेलं.

नोटिशीवर पत्ता होता त्या घाटकोपरच्या ऑफिसात दोन तास बसलो. नंबर आला तेव्हा मुलगी किरकिर करायला लागली होती. खिडकीतल्या माणसाने झेरॉक्स घेतल्या, ओरिजिनल डोळ्यांखालून घातले आणि म्हणाला, "ठीक आहे, ठेवून जा."

"पोच?" मी म्हटलं. आवाज एवढासा.

"काय?"

"पोच द्या."

"पोच वगैरे नाही मिळत हो. साहेब बघतील."

मी जाण्यासाठी वळलेसुद्धा, खरं सांगते. पाय वळले होते. मग मी नोटीस खिडकीच्या फटीतून आत सरकवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्हीच लिहिलंय. पोच घ्यावी." माझं बोट हलत होतं, त्यामुळे ओळ त्याला नीट दिसली असेल की नाही कोण जाणे. त्यात मुलीने भोकाड पसरलं, मागची रांग बोंबलायला लागली, "ओ साहेब, द्या ना तिला काय ते!" त्याने वैतागून शिक्का मारला, सही केली, कागद माझ्याकडे ढकलला.

मग सुनावणी झाली. साहेबांनी सासूबाईंना लग्न होऊन इथे आल्या तेव्हा दिवे होते का असं विचारलं, आणि त्या इतकं बोलल्या की साहेबांनाच पुरे म्हणायला लागलं. मग काहीच नाही. कित्येक दिवस काही नाही. बाई बऱ्या होऊन परत आल्या, वर्ग त्यांनी घेतला. मुलांनी त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण बाईंनी मला मागे बसू दिलं नाही. नोटिसांचे उतारे मी घ्यायचे असं ठरवून टाकलं. आता वस्तीतल्या तीन घरांचे कागद आलेत वर्गात, पट्टी न लावता. तिघांचंही कारण अप्राप्त.

पहिला कागद ज्याने आणला होता, त्याच माणसाने गेल्या महिन्यात दुसरा आणला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी उघडला. या वेळी मी चौकटीकडे बघितलंच नाही, वरून सुरू केलं. कोण लिहितंय, कोणाला. मग नाव, मग पत्ता, मग पुरावे, एकेक मोठ्याने. शेवटी चौकट आली. पात्र.

मला रडू यायला लागलं. सासूबाईंनी मान हलवली, पण हात काही जोडले नाहीत.

"आणि फुडे? फुडचा वाच."

पुढे कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, पुरावे प्राप्त. ते वाचलं. खालची टीप वाचली.

"आणि त्येच्या खाली काय लिवलेला आसा?"

"खाली सही आहे."

"कोणाची?"

मी बघितलं. नुसत्या निळ्या रेघोट्या होत्या, मुलगी भिंतीवर काढते तशा. मी म्हटलं, "ती नाही वाचता येत."

"मगे तुझो उपयोग काय गो?" असं म्हणून त्यांनी सूप परत पुढे ओढलं.